शिकवत शिकवत सरकारच्या धोरणापर्यंत पोचता येतं का? कुटुंब या विषयात करिअर करायचंय

रेवती_साखरपेठ

नमस्कार. जरा लांबलचक लिहायलेय, पण वाचा प्लीज.

मी सोलापूरची, एमएसडब्ल्यू झालंय, सेट म्हणजे प्राध्यापक व्हायची राज्याची परीक्षा निघाली गेल्या वर्षी, आता एका कॉलेजात सीएचबीवर आहे. म्हणजे तास घेतला तर पैसे, सुट्टी लागली की काहीच नाही, आणि घेतलेल्या तासांचे पण कधी जमा होतील ते सांगता येत नाही. आई विडी वळते. वडील आधी लूमवर होते, गुडघे गेले तेव्हापासून एका अपार्टमेंटला वॉचमन आहेत.

गेल्या महिन्यात एका व्याख्यानाला बसले होते. एक रिटायर्ड प्राध्यापक मॅडम आल्या होत्या. आयुष्यभर शिकवलं, डिपार्टमेंट चालवलं, सरकारच्या समित्यांवर बसल्या, अन् सगळं एकाच विषयाभोवती, कुटुंब. म्हणजे माणसं घरात नीट जगावीत म्हणून सरकारनं काय करावं आणि सरकार जे करतं त्यानं घराच्या आत नक्की काय होतं. मला खरंच माहिती नव्हतं असं पण करिअर असतं. आम्हाला धोरण म्हणजे सिलॅबसमधलं एक युनिट, बाकी ते मंत्रालयातल्या लोकांचं काम, असंच वाटत आलेलं. कार्यक्रम संपल्यावर पुढं जाऊन विचारायचं ठरवलं होतं पण गर्दी होती आणि धीर झाला नाही, ते आता टोचतंय.

तर विचारायचंय ते असं, की सोलापुरात राहून, सीएचबीवरून सुरुवात करून या वाटेनं जाता येतं का. पीएचडी कशात करावी, सोशल वर्कमध्येच की दुसरं काही. आणि मुख्य म्हणजे, प्राध्यापकाच्या लिहिण्यानं कुठल्या घरात कधी काही बदललंय का? घरी सगळे म्हणायलेत जिल्हा परिषदेचा फॉर्म भर, लग्नाचं बघायला पण सुरुवात झालीय, वय २७. मी कशाला नाही म्हणत नाहीये, पण आधी हे समजून घ्यायचंय.

सचिन_जुळेसोलापूर

ताई स्पष्ट बोलतो, राग मानू नका. धोरण बदलायचं तर खुर्ची पाहिजे नाहीतर रस्ता पाहिजे, मधलं काही नसतं. एमपीएससी द्या, अजून वय आहे. प्राध्यापक रिपोर्ट लिहितात, तो कपाटात जातो. आपल्याच गावचं बघा ना, कुंभारीला विडी कामगारांना दहा हजार घरं मिळाली, २००६ ला पंतप्रधान मनमोहन सिंग आले होते वाटपाला. ते कुणाच्या पीएचडीनं झालं नाही. आडम मास्तर आणि त्यांच्या लाल बावटा युनियनच्या मोर्च्यांनी झालं, त्यात तुमच्या आईसारख्या बायका उन्हात बसल्या म्हणून झालं. माझी आजी पण बसली होती.

देवनार_८९

रेवती, मी ८९ ते ९१ मुंबईत देवनारला टाटा समाजविज्ञान इन्स्टिट्यूटमध्ये होतो, त्यानंतर सगळं काम सोलापूर, उस्मानाबाद, लातूर याच पट्ट्यात झालं. तुझा शेवटचा प्रश्न आहे ना, घरात काही बदललं का, त्यावरच लिहितो कारण ते मी डोळ्यांनी बघितलंय. सचिन, तुझं मोर्च्यांबद्दलचं शंभर टक्के बरोबर आहे, पण मधलं काही नसतं हे बरोबर नाही.

आमच्या वेळी डायरेक्टर होत्या डॉ. आर्मायटी देसाई. १९८२ ते १९९५, तेरा वर्षं. त्याआधी निर्मला निकेतन या सोशल वर्क कॉलेजच्या प्रिन्सिपल, आणि देवनार सोडल्यावर १९९५ ते १९९९ यूजीसीच्या अध्यक्ष. नुसतं असं वाचलं की वाटतं पदांची शिडी आहे, चढत गेल्या. पण मधलं बघ. १९८४ साली मुंबई पोलीस कमिशनरच्या ऑफिसात इन्स्टिट्यूटनं महिला आणि मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. पोलिसांच्या बिल्डिंगमध्ये सोशल वर्करचं टेबल. त्या काळात नवरा मारतो म्हणून बाई चौकीत गेली तर घरचा मामला आहे, घरी जा, असं सांगून परत पाठवायचे, एनसी म्हणजे नुसती अदखलपात्र नोंद लिहून घेतली तरी खूप झालं. नवरा-सासरच्यांच्या छळाचं ४९८अ कलम पण १९८३ ला म्हणजे नुकतंच आलेलं, ते लावायचं कसं हे कुणालाच धड माहिती नाही. तर ही मंडळी पोलिसांच्या शेजारी जाऊन बसली आणि उठली नाहीत. एकेक बाईची केस, नवऱ्याला बोलावणं, स्त्रीधन परत मिळवणं, हवालदाराला समजावणं, असं वर्षानुवर्षं. नंतर महिला व बालविकास खात्यानं ती योजना म्हणून घेतली, राज्यभर गेली, दुसऱ्या राज्यांनी पण उचलली. घरगुती हिंसाचाराचा कायदा आला २००५ ला. म्हणजे कायद्याच्या वीस वर्षं आधी एका शिक्षणसंस्थेनं ते काम करून दाखवलेलं होतं. हे सगळं एकट्या बाईंनी केलं असं मी म्हणत नाही, फिल्डवरच्या लोकांनी केलं, पण संस्था चालवणाऱ्या माणसानं अशा कामाला जागा दिली, माणसं दिली, टिकू दिलं. शैक्षणिक नेतृत्व म्हणजे मला तरी हेच दिसलं.

दुसरं किल्लारीचा भूकंप. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, सोलापुरात पण लोक रस्त्यावर आले होते. पुढं ५२ गावं कायमची हलवायची ठरली. नवीन घर किती मोठं द्यायचं हे कशावर ठरलं माहितीये? जमिनीवर. भूमिहीन असेल नाहीतर एक हेक्टरपर्यंत असेल तर २५० चौरस फूट, सात हेक्टरपर्यंत ४००, त्याच्या वर ७५०. आता घरात माणसं किती, म्हातारं कोण, विधवा सून वेगळी चूल मांडून आहे का, हे त्या कोष्टकात कुठंच नाही. पुनर्वसनात गावकऱ्यांचा सहभाग घ्यायचं काम इन्स्टिट्यूटकडं होतं, मीही त्या भागात फॉर्म घेऊन फिरलोय. आधी वाड्यात एका अंगणाभोवती राहणारी माणसं सरळ रेषेत आखलेल्या प्लॉटवर इकडं तिकडं गेली. एका म्हातारीला विचारलं, आजी घर कसं आहे. म्हणाली घर चांगलं आहे बाबा, पण हाक ऐकू जात नाही.

मी त्या दिवशी फॉर्मवर ते लिहायला जागा शोधत होतो आणि जागाच नव्हती, कारण फॉर्म पण त्याच कोष्टकावरून केलेला. तेव्हापासून मी कुठलाही जीआर, म्हणजे सरकारी निर्णयाचा कागद, हातात आला की आधी बघतो, यात कुटुंब कशाला म्हटलंय. तू एवढं एक शिक. सरकारच्या साइटवर सगळे जीआर मराठीत आहेत, फुकट आहेत, रोज एक वाच.

शुभांगी_परभणी

रेवती, तू विचारलंस सोशल वर्कच की दुसरं काही, म्हणून लिहिते. मी परभणीच्या कृषी विद्यापीठातली, गृहविज्ञानवाली. आता आमच्या कॉलेजचं नाव सामुदायिक विज्ञान झालंय. त्यात एक शाखाच आहे, मानव विकास व कुटुंब अभ्यास. पण लोकांना अजून वाटतं आम्ही स्वयंपाक आणि शिवण शिकवतो, माझ्या सासरी पण पहिली दोन वर्षं तसंच वाटायचं.

या विषयाला आपल्याकडं मोठं कुणी केलं बघ. हंसाबेन मेहता. १९४९ ला बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या कुलगुरू झाल्या, मुलंमुली दोघं शिकतात अशा विद्यापीठाच्या देशातल्या पहिल्या महिला कुलगुरू, आणि तिथं गृहविज्ञानाची स्वतंत्र फॅकल्टी उभी केली. त्याच बाई त्याआधी संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगावर होत्या, १९४८ च्या जाहीरनाम्यात सगळे पुरुष असा अर्थ निघेल अशी शब्दरचना होती ती त्यांनी आग्रह धरून सगळी माणसं अशी करून घेतली. एक शब्द बदलला. आता वरच्या सरांनी कोष्टकाचं लिहिलंय ते वाचून मला हेच आठवलं. ज्या बाईनं जगाच्या कागदावर शब्द बदलला तिला पुढं विद्यापीठात घर आणि मूल हा विषय फॅकल्टीच्या दर्जाचा वाटला, याचा मला फार अभिमान आहे, मी दर वर्षी पहिल्या तासाला मुलींना हेच सांगते.

आता कामाचं. तुझी पीजी सोशल वर्कमध्ये आहे तर पीएचडी त्यातच कर, विषय बदलायच्या भानगडीत वर्षं जातील. सेट आहे म्हणजे राज्यातल्या बहुतेक विद्यापीठांत पेट म्हणजे पीएचडीची प्रवेशपरीक्षा द्यावी लागत नाही. पण नेट दे, जेआरएफ म्हणजे संशोधनाच्या फेलोशिपसाठी दे, महिन्याला ३७ हजार मिळतात, सीएचबीच्या मागं धावायची गरज राहत नाही. जेआरएफला वयाची अट ३० असली तरी मुलींना पाच वर्षं सवलत आहे, म्हणजे तुझ्याकडं वेळ आहे, घरच्यांना हे आकड्यात सांग, त्यांना ते पटतं. आणि मराठीत लिहायची सवय सोडू नकोस. आमच्याकडं चांगल्या चांगल्या मुली इंग्रजीत थीसिस लिहून मोकळ्या होतात आणि ज्या अंगणवाडी ताईंवर तो लिहिलाय त्यांना त्यातलं अक्षर पोचत नाही.

रेवती_साखरपेठ

सर, मॅडम, काय लिहू कळेना. हाक ऐकू जात नाही हे वाचून मी मोबाईल खाली ठेवला थोडा वेळ.

घरचं सांगते. आमच्या घरात विडी तिघी वळतात. आई, काकू आणि चुलत बहीण. मी पण बारावीपर्यंत वळली, अजून बोटांना सवय आहे, टीव्ही बघत बघत पण हात चालतात. पण विडी कामगाराचं कार्ड एकीच्याच नावावर आहे, आईच्या. कारखान्यातून पान तंबाखू आईच्या नावावर येतं, माल तिच्या नावावर जातो, पीएफ तिचा कटतो. काकू वीस वर्षं वळते आणि कागदावर ती काहीच करत नाही, गृहिणी. हे मला कधी विषय वाटलंच नाही, आमच्या गल्लीत सगळीकडं असंच असतं. आता सरांचं वाचून वाटायलंय की हेच ते कोष्टक आहे का?

पूर्वभाग_७२

हेच ते. पोरी, तू बरोबर जागी बोट ठेवलंस.

मी वयानं मोठा आहे, टाईप करायला वेळ लागतो, चुका झाल्या तर समजून घ्या. मी पूर्व भागातला, घरी हातमाग होता, बाप जुन्या मिलमध्ये. मी आयुष्यभर एका बँकेत काम केलं पण वाचायचा नाद. तू म्हणतेस सोलापुरात राहून होतं का. अगं सोलापूरवर तर बाहेरच्यांनी येऊन काम केलंय. पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटनं १९४७ साली आपल्या विणकर समाजांची पाहणी छापली, काकडे म्हणून होते त्यांनी केलेली, घरात माणसं किती, माग किती, कर्ज किती, बायका काय काम करतात. नंतर धनंजयराव गाडगीळांनी १९६५ ला सोलापूर शहरावरच अख्खा अभ्यास काढला. वाचनालयात बसून जेवढं मिळालं तेवढं मी वाचलंय. आपल्या आजोबांच्या घरातला हिशोब छापील पुस्तकात बघायचा म्हणजे वेगळंच वाटतं. पण त्यानंतर साठ वर्षं गेली, मिल बंद पडल्या, हातमागाचे पॉवरलूम झाले, पॉवरलूमचे पण आता आवाज कमी झालेत, बाप्ये घरी बसले आणि घर विडीवर चाललं. हे घर कुणी मोजलं? इथं राहणाऱ्यानंच मोजायला पाहिजे.

त्याच गोखले इन्स्टिट्यूटमध्ये कुमुदिनी दांडेकर होत्या, लोकसंख्येचा अभ्यास करणाऱ्या. आपल्या राज्याची रोजगार हमी, वि. स. पागे यांच्या डोक्यातून आलेली, ७२ च्या दुष्काळात वाढली, १९७७ ला कायदा झाला, १९७९ च्या २६ जानेवारीपासून लागू. ७२ ला मी पोरगा होतो, आमच्या मामाच्या गावी खडी फोडायला निम्म्याच्या वर बायका, पोरं बाजूला धुळीत झोपवलेली, दुपारी सुकडी मिळायची. दांडेकर बाईंनी रोजगार हमीवरच्या बायकांचा अभ्यास करून १९८३ ला छापला, की ही योजना म्हणजे बायकांना स्वतःचं काम मिळण्याची संधी आहे. आता बघ, आपल्या जुन्या कायद्यात हमी होती माणसाला, जो मागेल त्या प्रौढ माणसाला. दिल्लीचा २००५ चा कायदा आला त्यात झालं कुटुंबाला १०० दिवस. कुटुंबाला म्हटलं की घरात कोण जाणार हे कोण ठरवतं ते मी सांगायला नको. हा फरक एका शब्दाचा आहे आणि मला अजून तो सलतो.

तुझ्या काकूसाठी पण एक सांगतो. १९८५ साली सुप्रीम कोर्टानं निकाल दिला की घरी बसून विडी वळणारी बाई पण पीएफच्या कायद्यात कामगारच आहे. मालक म्हणत होते ती आमची कामगार नाही. म्हणजे घर ही कामाची जागा आहे हे कोर्टानं एवढ्यापुरतं मानलं. पण १९६६ च्या विडी कायद्यात पाळणाघर होतं ते कारखान्याच्या जागेला, घराला नाही. म्हणून तुझ्या आईनं तुला मांडीवर घेऊन तंबाखूच्या धुळीत विडी वळली असणार.

सचिन_जुळेसोलापूर

काका, हा पीएफच्या निकालाचा विषय मला माहिती नव्हता. माझ्या आजीची पेन्शन त्यातूनच आली म्हणजे. मी वर जे लिहिलं ते थोडं मागं घेतो. पण ताई, तुम्ही हे लिहिलंत तर युनियनच्या ऑफिसात आधी दाखवा, दत्त नगरला. त्यांना आकडे लागतात, मोर्च्यात भाषण करताना अधिकारी विचारतो पुरावा काय, तेव्हा.

मनीषा_गोवंडी

मी मुंबईत लोकसंख्या विज्ञान संस्थेत शिकलेय, सर्व्हेच्या टीमवर पण होते, त्यामुळे फक्त मोजण्याबद्दल बोलते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात कुटुंब म्हणजे एकत्र राहणारी आणि एका स्वयंपाकघरातलं खाणारी माणसं. हे जमिनीपेक्षा, रेशनकार्डापेक्षा कितीतरी बरं आहे, चूल वेगळी तर कुटुंब वेगळं. पण त्यात बायकांची सविस्तर मुलाखत होते ती १५ ते ४९ वयाच्या बाईची. म्हणजे रेवती, तुझी आई पन्नाशीच्या पुढची असेल तर तिच्या कंबरेबद्दल, डोळ्यांबद्दल, हातात पैसे राहतात का याबद्दल तिला कुणी विचारणारच नाही. मूल जन्माला घालायच्या वयाच्या बायका मोजायच्या, हा त्या सर्व्हेचा मूळ हेतू होता म्हणून ते तसं आहे, त्यात कुणाची चूक नाही, पण विडी वळणाऱ्या शहरासाठी तो सर्व्हे अपुराच पडणार. दुसरं, देशात २० ते २४ वयाच्या बायकांत १८ च्या आत लग्न झालेल्यांचं प्रमाण २०१९ ते २१ च्या फेरीत २३.३ टक्के आलं, महाराष्ट्राचं जवळपास २२. राज्याच्या सरासरीवर समाधान मानू नकोस, जिल्ह्यांची पानं वेगळी निघतात, ती उघड, मग तुझ्या गल्लीशी ताडून बघ.

पीएचडीचा विषय तुला मिळालाय असं मला वाटतं. एक कार्ड आणि अनेक हात. त्यात कामगार कायदा आहे, म्हातारपणाची सोय आहे, मुलींची शाळा आहे, सासू-सुनेचं आहे. सुरुवात मोठी करू नकोस. वीस घरं घे, प्रत्येकात पाचच गोष्टी विचार: चुली किती, वळणारे हात किती आणि वय काय, कार्ड कुणाच्या नावावर, पैसे कुणाच्या हातात येतात, आणि कार्डवाली आजारी पडली तर काय होतं. शेवटचा प्रश्न विसरू नकोस, खरी उत्तरं तिथंच मिळतात.

आणि बायांना आधी सांग की हे कशासाठी आहे आणि कार्ड जाणार नाही, नावं लिहू नकोस, घराला नंबर दे. कार्ड एकीचं आणि काम तिघींचं हे बाहेर आलं तर कारखाना माल बंद करील ही भीती त्यांना असणारच आणि ती खोटी नाहीये. त्या नाही म्हणाल्या तर उठून यायचं.

देवनार_८९

मनीषाताई, शेवटचा मुद्दा फार महत्त्वाचा. रेवती, तुळजापूरला टाटा इन्स्टिट्यूटचा कॅम्पस आहे, एसटीनं तासाभरात जाशील. प्रवेश घे असं म्हणत नाही, एमएसडब्ल्यू तुझं झालेलंच आहे, पण तिथल्या लायब्ररीत आणि प्राध्यापकांकडं जा, गाईड शोधताना उपयोग होईल. या वेळी गर्दी असली तरी पुढं जाऊन विचार.

मी शनिवारी सोलापुरातच आहे. हिराचंद नेमचंद वाचनालयात चार वाजता येतो, पूर्वभागकाका तुम्ही पण या, त्या काकड्यांच्या पाहणीतले प्रश्न कसे होते ते सांगा, आपण पोरीचा फॉर्म बसून करू.

पूर्वभाग_७२

येतो. माझ्याकडं उतरवून घेतलेली वही आहे, आणतो.

रेवती_साखरपेठ

मी येते. काल रात्री आईला हे सगळं वाचून दाखवलं, तेलुगूत सांगत सांगत. ती वळत होती, काही बोलली नाही, मला वाटलं ऐकत नाहीये. मग काकूला म्हणाली, तुझ्या वीस वर्षांच्या विड्यांचे हजार किती झाले असतील गं. दोघी हिशोब करत बसल्या, रोजच्या विड्या सातशे धरायच्या का आठशे, बाळंतपणाची वर्षं सोडायची का नाही, त्यावरून वाद पण झाला. मी वहीत लिहून घेतलं, पहिलं घर आमचंच.

शनिवारी आई पण येते म्हणाली. फक्त चारला जमणार नाही, माल टाकून व्हायला पाच वाजतील. पाचला चालेल का?